हापशीचे पाणी, हाडांचे दुखणे आणि पीटीएच

नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही आणि वैनगंगेपलीकडचे वडसा-आरमोरी हा सगळा धानाचा मुलूख आहे. रोवणी सुरू झाली की बायका दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात, आणि ती संपेपर्यंत कंबर, गुडघे, पिंडऱ्या सगळे ठणकायला लागते. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेने ग्रामीण भागातली कंबरदुखी आणि सांधेदुखी ही सार्वजनिक आरोग्याची समस्या आहे असे गावोगावच्या अभ्यासातून मांडले. तोवर या दुखण्याला आजार म्हणायलाही कोणी तयार नव्हते. आजही हाडे दुखतात म्हणून दवाखान्यात गेलेली बाई दुखण्याची गोळी, मलम आणि कॅल्शियमचे पाकीट घेऊन परत येते.

बहुतेक दुखणे कष्टाचेच असते, हे आधी मान्य करू. पण या पट्ट्यात हाडे दुखण्याची इतर कारणेही पुष्कळ आहेत. सिकलसेलचे रुग्ण इथे मोठ्या संख्येने आहेत, आणि एखाद्या घरात सिकलसेल आहे म्हटले की त्या घरातले प्रत्येक हाडाचे दुखणे त्याच्याच खाती जाते. पाय आखडून चालणारा म्हातारा दिसला की जुनी माणसे लाखोळीच्या डाळीला दोष देतात, आणि तो कधी खराही असतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही तालुक्यांत पाण्यात फ्लोराइड आहे. या सगळ्या गर्दीत एक कारण सहज हुकते. ते गळ्यात बसलेले असते आणि हाडांतून बोलते. पॅराथायरॉइड, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या परावटू ग्रंथी, आणि त्यांच्या संप्रेरकाची तपासणी, पीटीएच.

नागपूर-मुंबईत ही तपासणी आता सर्रास लिहून दिली जाते, आणि तालुक्याच्या गावातले कलेक्शन सेंटरही तिचा नमुना घेऊन पुढे पाठवते. माझी तक्रार तपासणीबद्दल नाही, ती वाचण्याच्या पद्धतीबद्दल आहे. पीटीएचचा आकडा एकटा वाचता येत नाही. त्याच वेळी काढलेल्या रक्तातले कॅल्शियम शेजारी नसेल, तर तो आकडा डॉक्टरला काही सांगत नाही आणि रुग्णाला मात्र घाबरवून सोडतो.

या ग्रंथींचा शोध भारतीय प्राण्यात लागला, हे फार कमी लोकांना ठाऊक असते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने 1834 मध्ये एक भारतीय एकशिंगी गेंडा विकत घेतला होता. तो 1849 मध्ये मेला. रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाने त्याचे विच्छेदन केले आणि थायरॉइडला चिकटलेली एक लहान, पिवळसर, घट्ट ग्रंथी नोंदवली. 1850 मध्ये तो निबंध वाचला गेला, आणि कोणी लक्ष दिले नाही. माणसातल्या ग्रंथी दाखवल्या त्या स्वीडनच्या उप्साला इथल्या इवार सँडस्ट्रॉम या तरुणाने. विद्यार्थी असताना 1877 मध्ये त्याला त्या प्रथम कुत्र्यात दिसल्या. मग त्याने 50 मृतदेह तपासले, त्यातल्या 43 मध्ये दोन्ही बाजूंना दोन-दोन ग्रंथी सापडल्या, आणि 1880 मध्ये ते प्रसिद्ध केले. त्याच्याकडेही कोणी फारसे पाहिले नाही. 1889 मध्ये त्याने आत्महत्या केली. दोनच वर्षांनी, 1891 मध्ये, फ्रान्सच्या ग्ले यांनी सशांवरच्या प्रयोगांतून या ग्रंथींचे महत्त्व दाखवले, तेव्हा कुठे वैद्यकविश्व जागे झाले.

त्याआधी युरोपातले शल्यविशारद गलगंडाची शस्त्रक्रिया करत, थायरॉइड काढत, आणि काही रुग्णांचे हातपाय दोन-तीन दिवसांत वाकडे होऊन आकडी येई. कारण कळत नसे. थायरॉइडसोबत तिच्या मागे चिकटलेल्या या ग्रंथीही निघून जात होत्या. साधारणपणे चार असतात, प्रत्येक तांदळाच्या दाण्याएवढी, वजन 30 ते 40 मिलिग्रॅम. चारही एकत्र केल्या तरी चिमूटभर होणार नाहीत.

एवढ्याशा ग्रंथींकडे काम एकच: रक्तातले कॅल्शियम जागेवर ठेवणे. शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातले 99 टक्के हाडांत. रक्तात असते ते अगदी थोडे, 100 मिलिलिटर रक्तद्रवात साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम. पण मज्जातंतूंचे संदेश, स्नायूंचे आकुंचन, हृदयाचे ठोके हे सगळे या थोड्यावर चालते, म्हणून शरीर त्यात ढळ खपवून घेत नाही. ग्रंथींच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारी ग्राहके असतात. त्यांचे जनुक 1993 मध्ये हाती आले. कॅल्शियम किंचित उतरले की काही सेकंदांत पीटीएच रक्तात सुटते. ते हाडातून कॅल्शियम मोकळे करते. मूत्रपिंडाला सांगते, कॅल्शियम जाऊ देऊ नको, फॉस्फरस जाऊ दे. आणि मूत्रपिंडातच ड जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप तयार करवून घेते, म्हणजे आतडे अन्नातून अधिक कॅल्शियम शोषते. कॅल्शियम पुरेसे झाले की ग्रंथी गप्प होतात.

संप्रेरक 84 अमिनो आम्लांचे आहे आणि रक्तात त्याचे आयुष्य दोन-चार मिनिटांचे. मोजायचे तर पिकोग्रॅममध्ये. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. रक्तातले पीटीएच मोजायची सोय 1963 पर्यंत जगात नव्हती. न्यूयॉर्कमध्ये सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यॅलो यांनी किरणोत्सारी खुणेचा उपयोग करून इन्सुलिन मोजण्याची रीत काढली होती. तीच रीत त्यांनी सहकाऱ्यांसह पीटीएचला लावली. 1968 मध्ये या दोघांनीच दाखवले की रक्तात पूर्ण पीटीएचबरोबर त्याचे तुकडेही फिरत असतात, आणि जुनी तपासणी त्या तुकड्यांनाही मोजते. बर्सन 1972 मध्ये वारले आणि 1977 चे नोबेल यॅलो यांना मिळाले. 1987 मध्ये आली ती रेणूची दोन टोके दोन प्रतिपिंडांनी धरणारी तपासणी. आज रिपोर्टवर 'इंटॅक्ट पीटीएच' असे जे छापून येते ते हेच. 'इंटॅक्ट' म्हटले तरी त्यात काही मोठे तुकडे शिरतातच, आणि मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णात ते साठून आकडा वाढवतात. फक्त पूर्ण रेणू मोजणारी पुढच्या पिढीची तपासणीही आहे, पण आपल्याकडे सहसा 'इंटॅक्ट'च होते. तिची नेहमीची मर्यादा साधारण 15 ते 65 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर; यंत्र बदलले की मर्यादा बदलते, म्हणून दोन वेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

नागभीडसारख्या ठिकाणी खरी अडचण यंत्राची नसते, नमुन्याची असते. रक्त इथे काढले जाते आणि यंत्र दूर कुठेतरी असते. नागपूर-नागभीडची नॅरो गेज गाडी ब्रॉडगेजच्या कामासाठी 2019 मध्ये बंद झाली, तेव्हा माणसांसारखे नमुनेही रस्त्यानेच जाऊ लागले. पीटीएच साध्या नळीतल्या रक्तात लवकर उतरते. जांभळ्या टोपीच्या, ईडीटीए असलेल्या नळीत ते जास्त टिकते. पण ईडीटीए कॅल्शियमला बांधून टाकते, त्यामुळे त्याच नळीतून कॅल्शियम मोजले तर आकडा खोटा, भलताच कमी येईल. म्हणजे एका टोचणीत दोन नळ्या हव्यात: जांभळी पीटीएचसाठी, साधी कॅल्शियमसाठी. नमुना गार ठेवून, वेळेत रक्तद्रव वेगळा करून पाठवायला हवा. दंडाला पट्टा फार वेळ घट्ट बांधून रक्त काढले तर कॅल्शियम उगाच जास्त दिसते. आणि केस-नखांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या कोणी घेत असेल, तर अनेक यंत्रांवर पीटीएच खोटे कमी येते. अशा गोळ्या तपासणीआधी दोन-तीन दिवस थांबवायला डॉक्टर सांगतात. रिपोर्ट चमत्कारिक वाटला तर उपचार सुरू करण्याआधी नमुन्याची चौकशी करावी; त्यात लाज काही नाही.

कॅल्शियमच्या आकड्याचेही एक गणित आहे. रक्तातले सुमारे 40 टक्के कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, बांधलेले असते. कुपोषित किंवा यकृताच्या रुग्णात अल्ब्युमिन कमी, म्हणून एकूण कॅल्शियमही कमी दिसते, पण कामाचे कॅल्शियम ठीक असू शकते. अल्ब्युमिन 4 पेक्षा जितके ग्रॅम कमी, त्याच्या 0.8 पट आकडा कॅल्शियममध्ये मिळवतात. कॅल्शियम 7.8 आणि अल्ब्युमिन 2.5 असेल, तर दुरुस्त कॅल्शियम 9. घाबरण्याचे कारण राहिले नाही.

आता दोन आकडे शेजारी ठेवू. कॅल्शियम जास्त आणि पीटीएचही जास्त, किंवा निदान 'नॉर्मल', तर ग्रंथीच मोकाट सुटली आहे. इथला 'नॉर्मल' फसवा असतो. कॅल्शियम 11.5 असताना निरोगी ग्रंथी जवळजवळ बंद असायला हवी. अशा वेळी पीटीएच 50 आले तर ते मर्यादेत असूनही चुकीचे आहे. हा प्राथमिक अतिस्राव. दहापैकी आठ-साडेआठ रुग्णांत एकाच ग्रंथीची साधी गाठ निघते, काहींत चारही ग्रंथी वाढलेल्या, आणि कर्करोग शंभरात एकापेक्षाही कमी.

पाश्चात्त्य देशांत 1970 च्या दशकापासून नेहमीच्या रक्ततपासणीत कॅल्शियम आपोआप मोजले जाऊ लागले, त्यामुळे तिथे हा आजार रुग्णाला काही त्रास होण्याआधीच पकडला जातो. आपल्याकडे अजूनही बराच उशीर होतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी पश्चिम भारतातल्या रुग्णांचा अनुभव 2010 मध्ये प्रसिद्ध केला, त्यातले चित्र हाडांच्या दुखण्याचे, मोडलेल्या हाडांचे आणि मुतखड्याचे होते. किरकोळ धक्क्याने मांडीचे हाड मोडून अस्थिरोगतज्ज्ञाकडे गेलेला माणूस, ज्याच्या हाडात पोकळ्या दिसल्या आणि आधी कर्करोगाचा संशय आला, असा रुग्ण भारतीय वैद्यकात दुर्मीळ नाही. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात मुतखडा झाला की सगळे उन्हाला आणि पाण्याला दोष देतात. तो दोष बहुतेक वेळा बरोबरच असतो. पण खडे पुन्हा पुन्हा होत असतील, दोन्ही बाजूंना असतील, शिवाय तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, मन उदास अशा तक्रारी असतील, तर एक कॅल्शियम तपासायला हरकत नाही. ती तपासणी पीटीएचच्या मानाने पुष्कळ स्वस्त आहे.

उपचार शस्त्रक्रियेचा, आणि त्याचा इतिहास रंजक आहे. 1925 मध्ये व्हिएन्नाच्या फेलिक्स मँडल यांच्याकडे ट्रामचा एक कंडक्टर आला. त्याची हाडे विरघळत चालली होती. त्या काळची समजूत अशी की हाडांचा आजार आधी होतो आणि त्याची भरपाई करायला ग्रंथी वाढते. म्हणून मँडल यांनी आधी त्याला ग्रंथीचा अर्क दिला, दुसऱ्याची ग्रंथीही बसवून पाहिली. फरक पडला नाही. शेवटी गळा उघडून गाठ काढली आणि माणूस सुधारला. समजूत उलटी निघाली. अमेरिकेत चार्ल्स मार्टेल नावाच्या जहाजाच्या कप्तानाची कथा याहून दारुण. त्याची उंची काही इंचांनी घटली, गळ्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, गाठ सापडेना. 1932 मध्ये सातव्या वेळी ती छातीत सापडली, आणि काही आठवड्यांनी मुतखड्याच्या गुंतागुंतीने तो गेला. आज सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅनने गाठ आधी शोधता येते. शल्यगृहातच गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी पीटीएच मोजतात आणि ते निम्म्याहून खाली उतरले की टाके घालतात. संप्रेरकाचे आयुष्य मिनिटांचे असते, त्याचा असा उपयोग.

कॅल्शियम जास्त पण पीटीएच कमी, ही दुसरी जोडी. म्हणजे ग्रंथी शहाणी आहे, कॅल्शियम दुसरीकडून आले आहे. कर्करोग, क्षयासारखे आजार, आणि आपल्याकडे खास करून ड जीवनसत्त्वाचा मारा. हाडे दुखतात म्हणून सहा लाख युनिटचे इंजेक्शन पुन्हा पुन्हा घेणारे रुग्ण भारतात विषबाधेने भरती झाले आहेत. कमरेला एक इंजेक्शन मारून मोकळे होण्याची सवय इथे महागात पडते. आणि एक जरा वेगळे उदाहरण. सुपारीबरोबर शिंपल्यांच्या चुन्याचा लेप भरपूर खाणाऱ्या लोकांत कॅल्शियम वाढून मूत्रपिंड बिघडल्याची नोंद तैवानच्या डॉक्टरांनी 1996 मध्ये केली. चंद्रपूर-गडचिरोलीत सुपारी-तंबाखूचा खर्रा कोण खात नाही? त्यातही चुना असतोच. खर्ऱ्याचे तोटे सांगायला तोंडाचा कर्करोग पुरेसा आहे, चुन्याची भर नको. पण कॅल्शियम वाढल्याचे कारण सापडत नसेल, तर डॉक्टरने खर्रा विचारावा आणि रुग्णाने लपवू नये.

तिसरी जोडी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण आपल्या भागात ती सगळ्यात जास्त भेटते. कॅल्शियम कमी किंवा जेमतेम, आणि पीटीएच जास्त. इथे ग्रंथी आजारी नाही. ती राबते आहे. तिला वर चढवणारे कारण शोधायचे असते.

पहिले कारण ताटात. तांदळात कॅल्शियम नगण्य, 100 ग्रॅमला 10 मिलिग्रॅमच्या आसपास. आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला रोज 1000 मिलिग्रॅम हवे. दोन वेळचा भात आणि वरण यातून ते येत नाही. दूध या भागात फारसे पिकत नाही आणि पिकले तर विकले जाते. नाचणी मात्र 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात देते. मामा (माजी मालगुजारी) तलावातल्या, बोडीतल्या लहान मासोळ्या काट्यासकट खाणारी माणसे पोषणाच्या दृष्टीने शहाणी आहेत. दिवसभर उन्हात राबूनही ड जीवनसत्त्व कमी निघालेले शेतकरी पाहून शहरातले लोक चकित होतात. कपड्यांनी झाकलेले अंग, गडद त्वचा, आणि कॅल्शियम इतके कमी की ड जीवनसत्त्वच लवकर खर्ची पडते, ही त्याची कारणे.

दुसरे कारण मूत्रपिंड. ते बिघडले की फॉस्फरस साठतो, ड जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप बनत नाही, पीटीएच चढत जाते. डायलिसिसवरच्या रुग्णात ते काही शेकड्यांत असते आणि ते एकदम 65 च्या खाली आणण्याचा हट्टही धरायचा नसतो; जागतिक मार्गदर्शनात त्यांच्यासाठी मर्यादेच्या दोन ते नऊ पट इतकी ढील आहे. म्हणून क्रिएटिनिनशिवाय पीटीएच पाहणे म्हणजे अर्धी तपासणी.

तिसरे कारण पाण्यात आहे, आणि ते चंद्रपूर जिल्ह्याचे आहे. वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना अशा तालुक्यांत आणि शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात भूजलात फ्लोराइड जास्त असल्याच्या नोंदी आहेत. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. ते खडकातून येते: ग्रॅनाइट आणि नाईससारख्या कठीण खडकांत फ्लोराइड असलेली खनिजे असतात, पाणी जितके खोल आणि जितका काळ त्यांना भिडून राहते तितके जास्त घेऊन येते. म्हणून तलावाच्या आणि उथळ विहिरीच्या पाण्यापेक्षा बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइडची शक्यता जास्त. विहिरीचे पाणी गढूळ, हापशीचे पाणी शुद्ध, असे आपण दोन पिढ्या सांगत आलो. जंतूंच्या बाबतीत ते खरे होते.

भारतात हाडांचा फ्लोरोसिस प्रथम 1937 मध्ये मद्रास प्रांतातल्या नेल्लोर जिल्ह्यातून नोंदवला गेला. दातांवर पिवळे-तपकिरी चट्टे, पुढे पाठ आणि मान आखडणे, आणि एक्स-रेत भलतीच दाट हाडे. दाट म्हटल्यावर मजबूत वाटते, पण ते हाड नीट घडलेले नसते. फ्लोराइड हाडाच्या स्फटिकात शिरते आणि त्या स्फटिकाला सहज विरघळू देत नाही. नवे, अर्धवट हाड रचले जाते, त्याला कॅल्शियम हवे असते, आणि जुन्या हाडातून ते सुटत नाही. रक्तातले कॅल्शियम टिकवायला ग्रंथींना जास्त पीटीएच ओतावे लागते. उत्तर प्रदेशातल्या तेवतिया दाम्पत्याने 1973 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हाडांच्या फ्लोरोसिसच्या काही रुग्णांत हा दुय्यम अतिस्राव दाखवला. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कृष्णमाचारी आणि कृष्णस्वामी यांनी 'लॅन्सेट'मध्ये फ्लोराइडग्रस्त भागातले गुडघे आत वळलेले तरुण नोंदवले. त्यांच्या हाडांत एकीकडे दाटपणा, दुसरीकडे विरळपणा होता. ताटात कॅल्शियम कमी आणि पाण्यात फ्लोराइड जास्त, हे दोन एकत्र आले की हाड सगळ्यात वाईट अवस्थेत जाते. धानाच्या भागासाठी हे वाक्य अधोरेखित करण्यासारखे आहे.

उपायाचा एक धागा नागपूरला पोचतो. तिथल्या नीरी संस्थेने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची रीत विकसित केली. ती नलगोंडा पद्धत म्हणून ओळखली जाते. स्वस्त आहे, पण तुरटीचे प्रमाण नीट मोजावे लागते आणि खालचा गाळ सांभाळावा लागतो. गावाने रोज ते करावे ही अपेक्षा बहुधा फार काळ टिकत नाही. केंद्राचा फ्लोरोसिस नियंत्रण कार्यक्रम 2008-09 पासून आहे. माझ्या मते सुरक्षित पाण्याचा दुसरा स्रोत देणे हाच टिकाऊ मार्ग. गाळण यंत्रे वर्षभरात बंद पडतात, हे कोणत्याही ग्रामसेवकाला ठाऊक असते.

फ्लोरोसिसच्या रुग्णाचे पीटीएच वाढलेले पाहून गळ्यात गाठ शोधत बसणे ही मोठी चूक. आधी पाणी बदलायचे, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पुरवायचे, आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजायचे. उलटही लक्षात ठेवावे: ड जीवनसत्त्व फार कमी असेल तर खऱ्या गाठीच्या रुग्णाचेही कॅल्शियम मर्यादेत दिसू शकते. ड जीवनसत्त्व भरून काढले की मग ते वर जाते आणि गाठ उघडी पडते.

चौथी जोडी, कॅल्शियम कमी आणि पीटीएचही कमी. ग्रंथी निकामी. सगळ्यात नेहमीचे कारण थायरॉइडची शस्त्रक्रिया, गलगंड काढणाऱ्या त्या जुन्या शल्यविशारदांपासून आजपर्यंत तेच. थॅलेसेमियासारख्या आजारात वर्षानुवर्षे रक्त चढवून लोह साठले की ग्रंथी खराब होतात. सिकलसेलच्या ज्या रुग्णांना वारंवार रक्त लागते त्यांच्यावरही लक्ष असावे. मॅग्नेशियम फार कमी झाले तरी ग्रंथी मुकी होते, आणि आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यात ते घडू शकते. ओठांभोवती मुंग्या, बोटे आखडून हात पक्ष्याच्या चोचीसारखा होणे, तरुणपणी मोतीबिंदू, आणि आकडी. या आकडीचे दोन प्रकारे वाटोळे होते. एक, झाडफूक. दोन, मिरगी समजून फिनिटॉइनसारखी गोळी सुरू होते, जी ड जीवनसत्त्व अधिक लवकर संपवते आणि कॅल्शियम आणखी खाली नेते. मिरगीचा पहिला झटका आलेल्या प्रत्येक रुग्णाचे कॅल्शियम एकदा तपासावे, हा नियम प्राथमिक आरोग्य केंद्रातही पाळता येतो. उपचार कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑलचा, म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या कार्यक्षम रूपाचा, आणि ग्रंथी कायमच्या निकामी झाल्या असतील तर तो आयुष्यभर चालतो. अलीकडे पीटीएचचेच टिकाऊ इंजेक्शनही निघाले आहे. अमेरिकेत त्यातल्या एकाला 2024 मध्ये मान्यता मिळाली.

याच संप्रेरकाची एक विसंगती इथे सांगायला हवी. सतत चढलेले पीटीएच हाड खाते, पण त्याचाच 34 अमिनो आम्लांचा तुकडा, टेरिपॅराटाइड, रोज एकदाच टोचला तर हाड बांधतो. ठिसूळ हाडांच्या रुग्णांना 2002 पासून तो दिला जातो. हाडाची पेशी संप्रेरक किती यापेक्षा किती वेळ टिकले याला जास्त भाव देते.

मग नागभीडच्या माणसाने करायचे काय? सगळ्यांनी पीटीएच तपासायला धावायचे नाही. दुखणे कष्टाचे असेल तर वाकून काम करण्याची पद्धत, विश्रांती आणि व्यायाम हाच उपचार. पण दुखणे कामाच्या मानाने जास्त आहे, विश्रांतीनेही जात नाही, जिना चढताना किंवा खाली बसलेले उठताना मांड्यांत जोर नाही, हाड किरकोळ धक्क्याने मोडले, खडे परत परत होतात, हातांना आकडी येते, यातले काही असेल तर ग्रामीण रुग्णालयात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन एवढे करून घ्यावे. त्यात काही बिघडलेले दिसले तरच पीटीएच आणि ड जीवनसत्त्व, आणि तेही त्याच दिवशीच्या कॅल्शियमबरोबर. पीटीएचचा एकटा कागद घेऊन कोणी गाठ काढायचा सल्ला दिला, तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

आणि पाणी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यात आहेत, जलजीवन मिशनखाली सामान्य माणसालाही अल्प शुल्कात पाणी तपासून मिळण्याची तरतूद आहे. तुम्ही पिता त्या हापशीचा किंवा बोरिंगचा फ्लोराइडचा अहवाल ग्रामपंचायतीत मागा. नसेल तर ग्रामसभेत ठराव करून मागवा, आणि हाडांच्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे जाताना त्याची एक प्रत रक्ताच्या रिपोर्टला जोडून घेऊन जा.